पितांबराचा पिवळा

११ मार्च, रोहा

आज अंबरीश सरांचा फोन. "निशिगंधा, सोन्याच्या कणांनी पाण्यातलं शिसं ओळखणं आता जुनं झालं. जगभर करून झालंय. पीएच.डी.चा विषय बदल."

मी म्हटलं, "सर, जगभर झालं असेल. आपल्या कुंडलिका नदीवर कुणी केलंय?"

ते हसले. त्यांचं हसणं मी ओळखून आहे. ते 'नाही' म्हणायची सभ्य रीत आहे.

विषय बदलणार नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे माझीच पळवाट बंद. रोह्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईला प्रयोगशाळेत खिडकीजवळचा एक कट्टा मिळालाय, तोही शिपाईमामांच्या मेहेरबानीनं. तेवढा पुरे.

अडचण मात्र खरी आहे. सोन्याचे हे कण इतके बारीक की दिसत नाहीत. पाण्यात सुटे असले की पाणी लाल, कोकमाच्या सरबतासारखं. एकमेकांजवळ आले की तेच पाणी जांभळं होतं, मग निळं. प्रकाशाबरोबर त्यांच्यातले इलेक्ट्रॉन डोलतात आणि घोळका झाला की डोलण्याची लय बदलते, एवढीच सगळी जादू. फक्त त्यांना जवळ आणणारं शिसंच असलं पाहिजे. माझ्या नळ्यांत ते काम मीठ करतंय. भरतीचं खारं पाणी नदीत चढतं आणि माझं सोनं शिशाची वाट न बघताच निळं पडतं.

२० मार्च

जमलं! कणांना ग्लुटाथायोनचं आवरण चढवलं. आता थोड्याथोडक्या मिठाला ते दाद देत नाहीत. शिसं आलं की मात्र दोन्हीकडून त्याचा हात धरतात आणि पाणी निळं. वर खात्रीचा उपाय म्हणून ईडीटीएचे दोन थेंब. ते शिसं स्वतःकडे ओढून घेतं, कण सुटे होतात आणि पाणी परत लाल.

अक्षय शिफ्टवरून आला. त्याला दारातच उभं करून सगळं सांगितलं. नवरा कंपनीत बॉयलरवर असला की एक बरं असतं, त्याला तपासणीचा कंटाळा नसतो.

"म्हंजे निळं झालं तरी लगेच घाबरायचं नाय," तो म्हणाला. "परत लाल होतंय का बघायचं."

"हो."

"आणि झालं परत लाल, तर मग घाबरायचं."

याहून सोपं मला वर्गातही सांगता आलं नसतं.

३० मार्च, जोहे

पाडव्याला माहेरी. दादाच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. फळ्यांवर कच्चे गणपती ओळीनं बसलेत, निम्म्यांना अंगाचा गुलाबी लागलाय. गोविंदादादा अभिमानानं फिरवून दाखवत होता. मुंबईची मोठी ऑर्डर आहे, मोरूशेठच्या ओळखीनं आलेली. मोरूशेठचं पेणला रंगाचं दुकान. रंगही तोच देतो आणि गिऱ्हाईकही तोच आणतो.

सरूवहिनी पितांबर रंगवत होती. काय तो पिवळा! उन्हात ठेवलेल्या झेंडूसारखा. ब्रशचं टोक ओठांत धरून ओढते आणि सुईसारखं करते, मग काठाची रेघ एका दमात. मी तिथेच बसून राहिले. असा हात मला असता तर मी रसायनशास्त्राच्या वाटेला गेलेच नसते.

पुरणपोळीचा घासभर खाऊन ती उठली. पोटात कळा येतात म्हणे, पित्त असेल. तोंडाला कसलीशी लोखंडासारखी चव असते. दोनदा दिवस गेले, दोनदा राहिलं नाही, तेव्हापासून सुकलीच आहे. तिला म्हटलं, वेळेवर जेवत जा.

१४ एप्रिल

नदीचे सगळे नमुने संपले. एकही निळा झाला नाही. कुंडलिकेत माझ्या नळीला दिसेल एवढं शिसं नाही.

आधी वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याची लाज वाटली. नदीत विष नाही म्हणून हिरमुसणारी मी कसली माणूस!

सर म्हणाले, "बघ, मी सांगत होतो. यात पेपर नाही." पेपर नसेल. नदी तर आहे. त्यांना तसंच म्हटलं. ते पुन्हा हसले.

आता अवघड नमुने हवेत. गढूळ, रंगीत, डिंक मिसळलेले. तिथे माझी पद्धत टिकली तर ती खरी. असले नमुने माहेरीच मिळतील, ब्रश धुतलेलं पाणी.

२ मे, जोहे

सुट्टी लागली. सकाळीच आले. येते तोच कारखान्यात आरडाओरडा. वहिनीच्या हातून तयार मूर्ती निसटली, सोंड तुटली. दादा तिच्यावर ओरडत होता, "हातात जीव नाय काय तुज्या?" ती मनगट चोळत राहिली. मी दादाला चार शब्द सुनावले. पेणच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे सांगितलंय. तिला बीट आणि खजूर घेऊन दिले.

रंगवायला रंग झाकणांत काढून घेतात, त्यांतून सगळे रंग थोडे थोडे घेतले आणि ब्रश धुतलेलं पाणी एका बाटलीत. वहिनी हसली. "घाण पानी घेऊन सासरी चाललीस गो?"

५ मे, रोहा

गुलाबी लाल राहिला. निळ्याची आणि हिरव्याची नळीही लाल. म्हणजे रंगांचा डिंक मध्ये येत नाही, पद्धत टिकली. मी खुशीत होते.

मग पिवळा. थेंब सौम्य आम्लात विरघळवला, आम्लता मारली, सोन्यात टाकला. बोटं बाजूला घ्यायच्या आत पाणी निळं. जांभळंसुद्धा नाही, सरळ निळं. शेंदरीचं तेच. धुतलेल्या पाण्याचं तेच.

ईडीटीएचे दोन थेंब. परत लाल.

पुन्हा पहिल्यापासून केलं. परत लाल.

शिपाईमामा खोली बंद करायला आले तेव्हा मी स्टुलावर बसून होते. त्यांनी विचारलं, बरं नाही का. मी ओठांना हात लावून बसले होते म्हणे.

पोटातल्या कळा. तोंडातली चव. रक्त. मनगट. ती दोन मुलं. हे सगळं मी पुस्तकातून पाठ करून परीक्षेत लिहिलंय. आणि तिला काय दिलं? बीट!

६ मे, जोहे

पहिल्या गाडीनं पेण, तिथून एसटीनं जोहे. दादाला आणि वहिनीला समोर बसवून नळ्या दाखवल्या. वहिनीनं आधी सोन्याचं विचारलं.

"ह्ये सोनं? लाल?"

"इतकं बारीक केलं की ते पिवळं राहत नाही."

"आणि माजा पिवळा त्याला निळं करतोय."

"तुझा नाही. डब्यातला. त्यात शिसं आहे वहिनी. ब्रश ओठात धरतेस, ते पोटात जातं."

दादा उठला. "हळू बोल. बाजूला कारखाना हाय. उद्या गावभर होईल, जोह्याच्या गनपतीत विष हाय. मुंबईवाले पाठ फिरवतील. ह्या गावात चूल कशावर पेटते ठाव हाय ना तुला?"

"तुझी बायको कशानं सुकली तेही ठाऊक आहे आता."

"तुज्या त्या नळीला काय कळतंय? मोरूशेठ एवढी वर्षं रंग देतोय."

"मग मोरूशेठलाच विचारते."

"इचार," दादा म्हणाला. "पन मग या दारात पाय ठेवू नको."

वहिनीनं पदरानं ओठ पुसले. पुसतच राहिली.

मी निघाले. दादा असा असेल असं वाटलं नव्हतं. ठीक आहे. दार त्याचं आहे, तोंड माझं आहे.

९ मे, पेण

मोरूशेठनं बसायला खुर्ची दिली, थंड मागवलं आणि काचेच्या कपाटातून एक कागद काढून दाखवला. रंग सुरक्षित असल्याचा. कागदावर कुठल्या रंगाचा ते लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. घरच्या धंद्यावर दगड मारू नका."

सरांना फोन केला. मोठ्या यंत्रावर तपासणी झाल्याशिवाय एक अक्षर बोलू नको, आणि माझं नाव तर घेऊच नको, म्हणाले. पहिलं बरोबर आहे. नमुने त्यांच्याकडेच पाठवते, यंत्र तिथे आहे. पण निकाल यायला पावसाळा उजाडेल. तोवर गावातल्या बायका ब्रश ओठांत धरणार. नावाचं म्हणाल तर नको त्यांचं. माझं पुरेसं लांब आहे.

१७ मे

लिहावंसं वाटत नाही, म्हणून लिहितेय.

जोह्याच्या समाजमंदिरात सगळ्यांना बोलावलं होतं. कारखानदार आले, रंगवणाऱ्या बायका आल्या. मोरूशेठही आला, पहिल्या रांगेत. मी नळ्या मांडल्या. प्रवासात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन गळून निम्मा झाला होता. पुरेल वाटलं, नाही पुरलं. नळ्या विसळायला आणि शेवटच्या खेपेला तिथल्या बोअरचं पाणी घेतलं. खाडी जवळ, बोअर खारट, इतक्या खाऱ्यापुढे माझं आवरण टिकणार नाही, हे मला कळायला हवं होतं. कळत होतं. घाई झाली.

गुलाबी निळा. हिरवा निळा. नुसतं पाणी टाकलं, तेही निळं.

मोरूशेठ उठून म्हणाला, "म्हंजे मॅडम, आपन पानीपन प्यायचं नाय!"

काय हसली माणसं! मी ईडीटीए टाकून दाखवलं, परत लाल होत नाही म्हणजे शिसं नाही, पाण्याचा दोष आहे. "व्हय, व्हय, पान्याचा दोष," मागून कोणीतरी म्हणालं, आणि पुन्हा हशा.

नळ्या गोळा करताना खिडकीतून दिसलं, दादा बाहेर आंब्याखाली उभा होता. एकटाच. हसायला आला असेल.

वहिनी आली नव्हती.

१८ मे

सकाळी उठले तर अक्षय घरात नव्हता. आला तो मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर. रोह्यातल्या दोन दुकानांतलं संपवलं म्हणे.

"कधी जायचंय परत?" एवढंच विचारलं.

बॅटरीचं पाणी आधी तपासलं. चांगलं आहे. सोनं लाल राहिलं.

२४ मे, जोहे

समाजमंदिराची चावी मिळाली नाही. का, ते कुणी सांगेना. मी बाहेर पायरीवर सतरंजी टाकली. बराच वेळ कोणी आलं नाही. कारखान्यांच्या दारांतून माणसं बघत होती. बघू दे म्हटलं.

मग अनिताताई आली. शेजारच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते, लहानपणापासून करतेय. पदराखालून रंग भरलेलं झाकण काढलं.

"आधी नुसतं पानी टाक," म्हणाली. "त्या दिवशी तितंच फजिती झाली तुजी."

टाकलं. लाल. मग तिचा पिवळा. निळा. मग ईडीटीए. लाल.

तिनं स्वतः पुन्हा करून बघितलं. मग विचारलं, "माज्या पोरीच्या पोटात दुखतंय ते यानंच काय?"

"रक्त तपासल्याशिवाय नाही सांगता येणार, ताई."

ती गेली आणि आणखी बायका घेऊन आली. दुपारपर्यंत सतरंजीवर जागा उरली नाही. आणि एक गोष्ट कळली जी मला आधी सुचायला हवी होती. सगळेच पिवळे निळे होत नाहीत! एकीच्या मालकानं अलिबागहून आणलेला पिवळा लालच राहिला. रंग थोडा मळका आहे, झेंडूसारखा पेटत नाही. पण आहे. म्हणजे कारखाने बंद करायचा प्रश्नच नाही. डबा बदलायचा, एवढंच.

दादा फिरकला नाही. त्याच्या कारखान्याचं दार बंद होतं. अनिताताई सांगत होती, त्यानं वहिनीला कारखान्यात यायलाच बंदी केलीय. माझ्यावरचा राग त्या बिचारीवर काढतोय.

२९ मे, पेण

वहिनीला डॉक्टरांकडे नेलं. शिशासाठी रक्त मुंबईला पाठवलं. दादानं अडवलं नाही. "ने," म्हणाला आणि पाठ फिरवली.

त्याच्या कारखान्यातले पिवळ्याचे आणि शेंदरीचे डबे गायब आहेत. एकही नाही. मोरूशेठनं पुरावा हलवला, उघड आहे. आणि दादानं मुकाट देऊन टाकले! वहिनीला विचारलं तर म्हणाली, "मला नाय ठाव. ते चार दिसांमागं अलिबागला गेलेवते." कशाला? "नाय सांगितलं." ऑर्डरीसाठीच पळत असणार. घरात बायको आजारी आणि हा गावं हिंडतोय.

ओळीतले पितांबर यंदा उतरलेले वाटले मला. दादाचा हात बिघडलाय, की घाईत रंगवतोय, कोण जाणे.

६ जून

रिपोर्ट आला. पाचाच्या आत हवं तिथे साठाच्या वर.

डॉक्टर तरुण आहेत, त्यांनी लपवलं नाही. आधी रंगापासून लांब, लोह, कॅल्शियम. आकडा उतरला नाही तर मुंबईला नेऊन सलाईनमधून औषध, जे शिसं धरून लघवीवाटे बाहेर काढतं. नाव सांगितलं आणि मी खुर्चीतच ताठ झाले. माझ्या नळीत मी टाकते त्या ईडीटीएच्याच घराण्यातलं.

वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "मंजे मीपन तुजी नळीच झाले की."

मग बऱ्याच वेळानं, बाहेर बाकावर बसल्यावर, "ती दोन... ती यानंच गेली काय गो?"

मी म्हटलं, "असू शकतं. नक्की नाही सांगता येणार."

"मी देवाला बोल लावला व्हता," ती म्हणाली. "त्याचा पितांबर रंगवता रंगवता."

ती रडली नाही. मी रडले.

१५ जून

नळीतला रंग नेमका किती बदलला हे बायकांना घरी ओळखता यावं म्हणून लाल ते निळा अशी पट्टी छापायला दिली होती. पेणच्या छापखान्यानं जांभळ्याची माती केली. दुसऱ्या खेपेला लालाची.

वहिनीनं ती बघितली आणि बाजूला टाकली. "दे, मी काढते. तपासलेले रंग हायत ना?"

ओटीवर बसून, थांबत थांबत, मनगटाला आराम देत तिनं आठ छटा काढल्या. प्रत्येक छटेशेजारी नळी धरून बघितली, दोनदा मोडल्या, पुन्हा केल्या. ब्रशचं टोक ओल्या फडक्यावर फिरवून करते आता. एकदा सवयीनं ब्रश ओठांशी गेला आणि हवेतच थांबला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

ओटीच्या पलीकडे दादा ओल्या गोणपाटानं कारखान्याची जमीन पुसत होता. रोज पुसतो म्हणे. इतका टापटिपीचा कधीपासून झाला!

२ जुलै, जोहे

आज कारखानदारांची सभा. मोरूशेठनंच बोलावलेली. मला लेखी माफी मागायला सांगणार हे आधीच कानावर आलं होतं. अक्षय रजा टाकून सोबत आला.

मोरूशेठ गोड बोलला. गावाचं नाव, देवाचं काम, सणाच्या तोंडावर अफवा. मग म्हणाला, "मॅडमनी दोन ओळी लिहून द्याव्या, नळीत चूक झाली म्हणून. नाय तर मुंबईचे लोक मला इचारतात, त्यांना मी काय सांगू? ज्या घरातनं बोंब उठली, त्या घराची ऑर्डर मी कुठल्या तोंडानं पुढं करू?"

सरांचं पत्र माझ्याजवळ होतं. मोठ्या यंत्राचा निकाल परवाच आला, माझ्या नळीशी जुळणारा. मी ते वाचून दाखवलं आणि म्हटलं, "एकदा चूक झाली होती, ती पाण्याची, आणि ती मी त्याच दिवशी सांगितली. ही चूक नाही. मी काहीही लिहून देणार नाही. ऑर्डर काढून घ्यायची तर घ्या."

म्हटलं खरं, पण ऑर्डर माझी नव्हती. दादाची होती. त्याच्याकडे बघायची छाती झाली नाही.

मोरूशेठ वळून म्हणाला, "गोविंदा, तुजी भैन बोलली. आता तू बोल."

दादा उभा राहिला. त्याला चारचौघांत बोलता येत नाही, शाळेपासून.

"माज्या कारखान्यात तुमचा पिवळा नाय," तो म्हणाला. "मे महिन्यापासनं नाय. डबे खोलीत कुलूप लावून ठेवलेत, कुनाला बघायचे त्यांनी बघा. अलिबागचा रंग आनलाय. सगळे पितांबर त्याचेच हायत. मळके दिसतात, दिसू दे. ऑर्डर जायची तर जाऊ दे. माजी बाय—" आणि तिथेच तो खाली बसला.

कोणी हसलं नाही.

मी इथे काय काय लिहिलंय ते वर वाचलं आत्ता. आंब्याखाली हसायला आला असेल, असं लिहिलंय. खोडणार नाही. तसंच राहू दे.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "दादा, मला एका शब्दानं सांगायचं होतंस."

"तू इचारलंस कवा?" तो म्हणाला. "तू नुसती भांडत व्हतीस."

९ ऑगस्ट

ऑर्डर गेली. निम्मी. उरलेले गणपती दादा पेणच्या रस्त्यावर मांडून विकतोय, पाटी लावून, 'तपासलेल्या रंगाचे'. अक्षर वहिनीचं. लोक थांबतात, विचारतात, काही हसून पुढे जातात, काही घेऊन जातात.

गावात सात कारखान्यांनी डबा बदलला. बाकीच्यांनी नाही. अनिताताईच्या मुलीचं शिसं वाढलेलंच निघालं. तिनं मालकाला सांगितलं, रंग बदला नाहीतर डोळे तुम्हीच काढा. मालकाला डोळे काढता येत नाहीत. बदलला.

सर आता म्हणतात, पेपर होईल, पहिलं नाव त्यांचं. मी म्हटलं, पहिलं माझं आणि दुसरं सरूचं, छटांची पट्टी तिची आहे. सर यावेळी हसले नाहीत. माझीही घाई नाही.

१८ सप्टेंबर, पेण

वहिनीचा आकडा तिसाच्या आत आला. सलाईन लागणार नाही. डॉक्टर म्हणाले, हाडांत उरलेलं निघायला वर्षं जातील, धीर धरा. ती म्हणाली, धीर धरते, पण गप नाय बसत.

नवरात्राच्या देव्यांसाठी रंग घ्यायला दुकानांत गर्दी आहे. मोरूशेठच्या दुकानात नवे डबे आलेत, वर हिरव्या अक्षरांत 'शिसेमुक्त'. अनिताताईनं एक आणून दिला होता. काल तपासला. निळा. परत लाल.

मी म्हटलं, तक्रार लिहू. वहिनी म्हणाली, "लिही. पन आदी दुकानात जाऊ. आणि तितं तू नाय बोलायचं."

आज सकाळी गेलो. तिनं काउंटरवरचे डबे कोपरानं सरकवले, नळ्या मांडल्या, बॅटरीचं पाणी, सोनं, आणि दुकानाच्याच उघड्या डब्यातला थेंब. गिऱ्हाइकं सरकून उभी राहिली. मोरूशेठ गल्ल्यावरून उठला. इतकी वर्षं तो जोह्याला येतो, चहा पिऊन जातो, पण पुरुषांशी बोलून. रंगवणारी बाई त्यानं कधी बघितलीच नव्हती.

"कोन गो तू?"

"तुमचा पिवळा खाऊन बसलेली बाय," वहिनी म्हणाली. "आता नळीकडं बघा."

सगळ्यांनी बघितलं. आमच्या पुढच्या माणसानं हातातला डबा काउंटरवर परत ठेवला. मग त्याच्या बाजूच्या बाईनं.

मोरूशेठ ओरडला, "बाहेर! दुकान बंद करतोय मी!"

"करा," वहिनी म्हणाली. "आमी पायरीवर बसतो."

शटर खाली आलं. आम्ही पायरीवर बसलो, आणि अजून बसलोच आहोत. हे तिथेच लिहितेय, मांडीवर वही घेऊन. दादाला फोन केला, तो आणखी पाणी घेऊन येतोय. वहिनीनं पट्टी भिंतीला टेकवून उभी केलीय. समोरच्या रस्त्यावर माणसं थांबून बघतात. मला भीती वाटतेय का? वाटतेय. उठावंसं मात्र वाटत नाही.

एक बाई पिशवीत डबा घेऊन रस्ता ओलांडतेय, आमच्याकडेच. वहिनी नळी विसळतेय. लिहिणं थांबवते.